खोलीचं माप

मुलीने आम्हाला नवा टीव्ही घेऊन दिला, तिथून हे सुरू झालं. टीव्ही भिंतीवर चढला आणि माझा जुना रिसीव्हर एका दिवसात म्हातारा ठरला. नव्या टीव्हीचं चित्र त्याच्या पोटातून पुढे जाईना. टीव्हीला केबल थेट लावली तर चित्र झकास, पण आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मला आवाजाची हौस. बाकी कसली म्हणून नाही. मी फारसा बोलणारा माणूस नाही. तंबाखूचा मावा तोंडात असला की अजिबात नाही. पण दुसऱ्यांचं बोलणं, गाणं, घोड्यांच्या टापा नीट ऐकू आल्या पाहिजेत, हा माझा हट्ट.

ज्याच्या घरी नाही त्याला सांगतो, रिसीव्हर म्हणजे या सगळ्या खटाल्याचा मुकादम. टीव्हीकडून आवाज घ्यायचा आणि वाटून द्यायचा. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला, गाणं बाजूच्या दोघांना, पाठीमागून येणारं जे काही असेल ते मागच्यांना, आणि धडाम-धुडूम जमिनीवरच्या मोठ्या खोक्याला. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी घडी खात्याचा सुपरवायझर आहे. शेठने स्वतःसाठी नवा रिसीव्हर आणला तेव्हा जुना मला देऊन टाकला होता. डिंडोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या पुढच्या खोलीत तो इतकी वर्षं देवासारखा बसला होता. बायको रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, आणि मी रोज तिला सांगायचो, बटणांना हात लावू नको.

मग मी नवा रिसीव्हर विकत आणला. जुना काढायच्या आधी त्याच्या आतल्या सेटिंगा बघून घेतल्या, नव्यात तशाच ठेवायच्या म्हणून. मधल्या स्पीकरचा आवाज वाढवून पार टोकाला नेलेला. हे मला नवीन नव्हतं. मी दर वेळी खाली आणायचो, काही दिवसांनी तो पुन्हा वर गेलेला असायचा. ‘कोण चाळे करतं याच्याशी?’ म्हणून मी कितीदा ओरडलो असेन. मुलगी शपथेवर नाही म्हणायची. बायको भाजी निवडत राहायची.

आमची मुलगी लग्न होऊन बडोद्याला असते. टीव्ही लावायला म्हणून चार दिवस आली होती. मी रिसीव्हरच्या पाठीमागे टॉर्च धरून वायरी सोडवत होतो, लाल कुठली, काळी कुठली, डावीकडची कुठली. तिने दारातून विचारलं, “पप्पा, मंगळावर यान सोडताय का?”

“सोडू दे गं,” तिची आई म्हणाली. “लग्नात माझं तोंडसुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं, जेवढी त्या डब्याची पाठ बघतात.”

दोघी हसल्या. मीही हसलो असेन. आम्ही मूळचे खानदेशातले, घरात अहिराणीच बोलतो. मुलीची त्यात गुजराती आणि हिंदी मिसळते. इथे मी सरळ मराठीत लिहितोय. काही वाक्यं मात्र जशी कानात राहिली तशीच ठेवणार आहे. ती बदलायचा मला हक्क नाही.

नव्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. तो खोलीचं माप घेतो. आपण जिथे बसतो तिथे, आपल्या कानाच्या उंचीवर माईक उभा करायचा, आणि मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो. जाडा, मग बारीक, मग इतका बारीक की दातांना झिणझिण्या याव्यात. भिंतींवर आपटून तो माईककडे कसा परत येतो, यावरून तो ठरवतो कुणाला किती जोर द्यायचा. तेवढा वेळ खोलीत चिडीचूप पाहिजे. आमच्या मागच्या गल्लीत भरतकामाच्या मशिनी चालतात, त्यामुळे मी कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस धरला होता. सकाळीच पंखे बंद केले, फ्रिजचं बटण बंद केलं, गॅसवरचा कुकर उतरवायला लावला. मुलगी दाराजवळच्या खुर्चीत, बायको सोफ्यावर तिच्या नेहमीच्या जागी, माईक तिच्या डोक्याशेजारी. मी टीव्हीसमोर रिमोट घेऊन.

“आता कोणी बोलायचं नाही,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.

डावा स्पीकर घुमला, मग शिट्टीसारखा चढत गेला. मधला. उजवा. तेवढ्यात बायको म्हणाली, “करा ना सुरू. किती वेळ बसवून ठेवणार?”

टीव्हीवर लाल अक्षरं आली, खोलीत आवाज आहे, पुन्हा करा.

“गप्प बस म्हणालो ना!”

“अहो, सुरू झाल्यावर गप्प बसेन.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी मुलीने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि ती गप्प बसली. शाळेतल्या पोरीसारखी, हात मांडीवर ठेवून. डावा झाला, मधला झाला, उजवा झाला. मग मागचा. मागचा स्पीकर तिच्या कानापासून हातभर लांब. तो बारीक आवाजावर आला तेव्हा मी इकडे टीव्हीजवळ डोळे मिटून घेतले, इतका तो टोचत होता. डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती आणि भुवया उडवून विचारत होती, केव्हा?

तो आवाज तिच्या डोक्याशेजारी चालू होता. ती मान वळवत नव्हती.

शेवटी जमिनीवरच्या खोक्याची पाळी आली. तो पहिल्यांदा धडधडला तसा तिचा तळहात सोफ्याच्या दांड्यावर गेला. चेहरा उजळला. तिने बोट वर केलं: हां, झालं सुरू!

मी रिमोटचं बटण दाबून सगळं थांबवलं.

ती पीळ देणाऱ्या मशीनवर काम करायची. रो-हाऊसचं नक्की झालं तेव्हा मीच तिला तिथे लावलं होतं, ओळखीच्या कारखान्यात. धाग्याला पीळ देणारी ती मशीन मागाइतकी खडखडत नाही. तिचा आवाज बारीक, एकसारखा, किंचाळल्यासारखा. पाळीभर तो कानात भरत राहतो. तरुणपणी मीही माग चालवले आहेत. कारखान्यात कोणी कानाने ऐकत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हाताच्या खुणा बघायच्या. मी लवकर मिलमध्ये गेलो, म्हणून माझे कान वाचले. ती तिथे राहिली, मुलीचं लग्न होईपर्यंत.

ती कुकर पुन्हा चढवायला आत गेली तेव्हा मी मुलीला हळूच विचारलं, “हिला ऐकू येत नाही का गं?”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “शु पप्पा, काय हे! तुम्हाला खरंच खबर नव्हती?”

“तुला होती?”

“मी लहानपणापासून मम्मीच्या समोर जाऊन बोलते. पाठीमागून हाक मारून काय फायदा? बारीक आवाज, फोन, ते तिला नाहीच कळत. व्हिडिओ कॉल का लावते मी रोज? तोंड दिसावं म्हणून.” मग जरा थांबून म्हणाली, “मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही मुद्दाम तिकडे तोंड करून बोलता.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी टीव्हीकडे बघत बोलतो. पेपरात बघत बोलतो. मावा भरल्या तोंडाने, ओठ न हलवता बोलतो. ती दुसऱ्या खोलीत असली तर भिंतीला सांगतो. उत्तर आलं नाही की समजतो, रागावली असेल. पाहुण्यांसमोर ‘आमची बहिरीमाय’ म्हणून हसलोही आहे, आणि सगळे हसताहेत हे बघून तीही हसली आहे.

पण त्या क्षणी माझ्या छातीत जे उतरलं ते यातलं काही नव्हतं. तो फोन होता.

सासूबाई गेल्या त्याच्या थोडे दिवस आधीची ती गोष्ट. दिवाळीची घाई चालू होती. घरात फोन एकच, माझा. दुपारची वेळ, मी सिनेमा बघत बसलो होतो. सासूबाईंचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक. पण मला शब्द न् शब्द कळला. आवाजाची हौस आहे मला, म्हणालो ना.

“जवाईबापू, तिले एकदाव धाडी द्या. माले तिनं तोंड देखानं शे. मंग मी मोकळी.”

मी म्हणालो, “देतो तिला,” आणि फोन बायकोच्या हातात दिला. ती तो कानाशी घट्ट दाबून गॅलरीत गेली. काचेतून दिसत होती. मान हलवत होती. “हो माय. हो. हो ना. बरं, हो.” परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या?

“काही नाही. बरी आहे म्हणे. थंडी पडली तिकडे.”

इथे मला थांबून नीट लिहायला हवं, कारण हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं की त्या बऱ्या नाहीत, जायच्या आधी लेकीचं तोंड बघायचं म्हणताहेत. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी लेकीलाही तेच सांगितलं असणार, आणि तिने ते ऐकून न जायचं ठरवलं असणार, असं मी धरलं. ऐन दिवाळीत सुट्टी घेतली तर मशीनवर दुसरी बाई बसेल, म्हणून नसेल जायचं तिला. तिची आई, तिचा विचार. असं मनाशी म्हणालो आणि रिमोट उचलला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ती गेली असती तर डबा कोणी केला असता, रजा कोणाकडे मागितली असती. ‘अगं, मलाही म्हणाल्या त्या, जाऊन ये’ एवढं एक वाक्य. ते बोलायला सिनेमा थांबवावा लागला असता.

मग निरोप आला तो त्या गेल्याचाच. अमळनेरला उतरून जीपने आम्ही गावी पोहोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं. माझा मेव्हणा, तिचा एकुलता भाऊ, अंगणात उभा होता. भाऊबंद, गल्लीतल्या बाया, सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, “फोनवर हो हो म्हणालीस. येते म्हणालीस. ती दाराकडे तोंड करून निजली होती. कूस बदलू दिली नाही तिने आम्हाला. तुला कारखाना मोठा झाला?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. आता मला कळतं, ती वाचत होती. आईने आपल्याला बोलावलं होतं, हे तिला तिथे, त्या अंगणात, भावाच्या ओठांवरून पहिल्यांदा समजलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघितलं.

त्यानंतर माहेर तुटलं. भावाने राखी परत पाठवली. भाच्याच्या लग्नाची पत्रिका शेजारच्या गल्लीत आली, आमच्या घरी नाही. ती कधी काही बोलली नाही. आणि मी, मी तिला मनातल्या मनात दगड म्हणत आलो. आईच्या मरणाला गेली नाही अशी बाई. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत मी तिला म्हणालोसुद्धा होतो, “जायला पाहिजे होतंस.” तोंडात मावा होता. ते तिला कळलं नसावं, एवढीच दया.

मुलगी दुसऱ्या दिवशी बडोद्याला गेली. जाताना म्हणाली, “मम्मीला डॉक्टरकडे न्या. आणि तो डबा चालू करा एकदाचा.” रिसीव्हर तसाच अर्धवट होता, वायरी जमिनीवर. मी मोरीत जाऊन मावा थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली. बायको सोफ्यावर बसून मेथी निवडत होती. मी टीपॉयवरचा माईक बाजूला केला आणि तिच्यासमोर टीपॉयवरच बसलो. गुडघ्याला गुडघा लागला.

“काय झालं?” ती घाबरली. इतक्या जवळ मी कधी बसत नाही.

मी कारखान्यात बोलायचो तसं बोललो, आवाज न करता, नुसत्या ओठांनी. म्हणालो, तुला ऐकू येत नाही, मला काल कळलं.

तिने मेथीची काडी मोडली. “बरं मग?”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून? कामावरून काढलं असतं. पोरीची बोलणी चालू होती, बहिरीची मुलगी म्हणाले असते.” मग म्हणाली, “आणि तुम्ही कधी विचारलंत?”

मी तिला फोनचं सांगितलं. फोन आधी माझ्याकडे होता. मी ऐकलं होतं. त्या बोलावत होत्या. मला वाटलं तू ऐकलंस. तू नाही म्हणालीस असं मी धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं. मेव्हणा बोलला तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मलाही माहीत होतं, मीच पाठवलं नाही. मी गप्प बसलो.

सगळं सांगून होईस्तोवर तिने माझ्या ओठांवरून नजर काढली नाही. मग ती म्हणाली, “माय काय म्हणाली होती?”

“एकदा भेटायला पाठवा म्हणाल्या.”

“तसं नाही. तिचे शब्द सांगा. जसे होते तसे.”

मी सांगितले. सावकाश, एकेक शब्द तिला दिसेल असा. तिले एकदाव धाडी द्या. माले तिनं तोंड देखानं शे. मंग मी मोकळी. माझ्याबरोबर तिचेही ओठ हलत होते. शेवटाला पोचल्यावर तिने हाताने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा सांगितले. पुन्हा खूण केली, पुन्हा सांगितले. मग तिने पदर तोंडात घेतला. आत्तापर्यंत कधी ऐकला नव्हता तसला एक आवाज तिच्यातून आला. तो तिला स्वतःला ऐकू येत असेल का, हे मला माहीत नाही.

मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. डोळे पुसून ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “मला ऐकू येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना?”

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या वेचायला लागलो.

डॉक्टरांनी कान तपासले. बारीक आवाजाच्या नसा गेल्यात, त्या परत येत नाहीत, यंत्र लावा म्हणाले. यंत्र आलं. ती ते लावते, भांडी घासताना काढून ठेवते, म्हणते भांडी फार ओरडतात. रिसीव्हर मी मग एकट्यानेच जोडला. आवाज उत्तम आहे. पाऊस डावीकडून उजवीकडे जातो तो नीट कळतो. मी फार वेळ ऐकत नाही.

मेव्हण्याला फोन करायचं मी टाळत होतो. एका रविवारी दुपारी मीच फोन काढला आणि तिला समोर बसवलं. फोन त्याने उचलला, हे आश्चर्य. मी सगळं सांगितलं: तिला ऐकू गेलं नव्हतं, मला गेलं होतं, दोष तिचा नव्हता. ती माझे ओठ बघत होती. पलीकडे गुरांच्या घंटा वाजत होत्या, कोणी तरी पंप चालू केला. मग तो बोलला. फार नाही, दोन-तीन वाक्यं, आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?” तिने विचारलं.

तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी काहीही सांगू शकलो असतो. ये म्हणाला, वाट बघतो म्हणाला, असंही. ते शब्द माझ्या जिभेवर आलेही होते.

मी तिच्याकडे तोंड केलं आणि तो म्हणाला तसंच सांगितलं: “आते काय उपयोग, दाजी? माय तर वाट देखी देखी गयी. तुम्ही तवय का नही बोलनात?” आणि पुढचं, जे सांगायला सगळ्यात जड होतं, तेही: “तिले सांगा, अजून नको येऊ.”

तिने मान हलवली. ‘अजून’ या शब्दाशी ती थोडी थांबली, तो मला तिने पुन्हा म्हणायला लावला. मग उठून गॅलरीत गेली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. मी तिच्या मागे गेलो आणि पुढे होऊन, तिला दिसेन असा, दोरीच्या पलीकडे उभा राहिलो.